सावली कोणत्या बाजूची, तेवढं सांगा

या खेपेला टपालात दगडच दगड आलेत, म्हणजे दगडांचे फोटो. संग्रहालयात नमुन्यांचे फोटो काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी भूशास्त्रज्ञ नाही. पण भूशास्त्रज्ञांच्या टेबलावरचे जीवाश्म वर्षानुवर्षं माझ्या लेन्सखालून गेलेत, आणि रानात जाऊन खडकांचे फोटो काढायची खोड नोकरी संपल्यावरही सुटलेली नाही. तेव्हा ‘हे नेमकं काय आहे’ या प्रश्नावर मी जरा हात राखून बोलेन. उजेडाच्या प्रश्नावर राखणार नाही.

ताई, सुट्टीच्या दिवशी मी ओढ्याकाठी, डोंगरउतारावर हिंडतो. जीवाश्म सापडल्याच्या बातम्या वाचतो, पण मला आजवर एकही दिसलेला नाही. इतरांना दिसतं ते मलाच का दिसत नाही?

तुम्ही कोणत्या खडकावर हिंडता ते पत्रात लिहिलेलं नाही, आणि घोडं तिथेच अडलंय. ग्रॅनाइटवर जन्मभर हिंडलात तरी काही मिळणार नाही. तो जमिनीच्या पोटात खोलवर तप्त रस थंड होऊन बनलेला खडक. तिथे शिंपला जाणार कुठून? तुम्हाला हवा गाळाचा खडक: चुनखडक, शेल (म्हणजे चिखलाचा पापुद्रेदार दगड), बारीक कणांचा वालुकाश्म. उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेल्या खडकातले जीवाश्म बहुधा पुसले जातात. पाटीच्या दगडात कधीकधी उरतात, पण ओढल्यासारखे, वेडेवाकडे झालेले.

म्हणून बूट घालण्याआधी भूशास्त्रीय नकाशा बघा. बऱ्याच देशांच्या सर्वेक्षण खात्यांनी हे नकाशे आता इंटरनेटवर खुले केलेत. ही युक्ती जुनी आहे. विल्यम स्मिथ नावाचा इंग्लंडमधला मोजणीदार कालव्यांच्या खोदकामावर देखरेख करायचा. खोदताना उघडे पडणारे थर बघून त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे असतात आणि थरांचा क्रम ठरलेला असतो. त्यावरून १८१५ साली त्याने इंग्लंड आणि वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. थर कळला की त्यात काय सापडेल याचा अंदाज येतो, आणि जीवाश्म दिसला की थर कळतो. हे दुहेरी गणित आजही तसंच चालतं.

दुसरी गोष्ट, ताजी कापलेली जागा शोधा. गवताखालचा, शेवाळलेला, वर्षानुवर्षं उन्हापावसात झिजलेला खडक गप्प असतो. ओढ्याच्या वळणावर बाहेरच्या बाजूचा काठ, पावसाळ्यानंतर सुटलेली दरड, बंद पडलेल्या खाणीबाहेरचा टाकाऊ दगडांचा ढीग, तिथे बघा. इंग्लंडमध्ये लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग हिवाळ्यातच जास्त हिंडायची, ती गारठ्याच्या हौसेने नव्हे. वादळी हवेत कडे कोसळायचे आणि नवा दगड उघडा पडायचा. समुद्राने तो ओढून नेण्याआधी तिथे पोचणं भाग असायचं. तिच्या भावाला १८११ मध्ये एक लांबलचक कवटी दिसली, आणि पुढे मेरीने त्याच प्राण्याचं बाकीचं अंग शोधून काढलं. इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपाचा, शास्त्रज्ञांनी दखल घेतलेला हा पहिला सांगाडा. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती.

तिसरी गोष्ट म्हणजे हिंडणं कमी करा. खरंच सांगते, बसा. एक फळी एवढा दगड निवडा आणि त्याच्याशी चांगली पंधरा मिनिटं घालवा. सगळा दगड ‘बघू’ नका, नेम धरलेल्या गोष्टी शोधा: समान अंतरावरच्या बरगड्या, गोलगोल फिरत जाणारी रेघ, डावी-उजवी बाजू जुळणारा आकार, पाच पाकळ्यांची चांदणी. खडक स्वतःहून असली शिस्त फार क्वचित पाळतो. कुठे आसपासच्या दगडापेक्षा वेगळी झाक किंवा चकाकी दिसली तर तिथेही थांबा. आणि जाण्याआधी त्याच थरातले जीवाश्म एखाद्या संग्रहालयात बघून घ्या. पहिला दिसायला वेळ लागतो. तो दिसला की त्याच दगडावरचे आणखी तीन दिसायला लागतात, आणि मग आपण इतका वेळ त्यावरच बसलो होतो हेही कळतं.

काळ्या, लाव्हाच्या कातळात शोधणं व्यर्थच का?

कातळात व्यर्थ, पण दोन कातळांच्या मधे नाही. लाव्हा एकदम एकाच वेळी वाहत नाही. एक लोट येऊन थंड होतो आणि दुसरा येईपर्यंत कधीकधी हजारो वर्षं जातात. त्या काळात वर तळी साचतात, झाडं वाढतात, गाळ बसतो. मग पुढचा लोट हे सगळं झाकून टाकतो. स्कॉटलंडच्या मल बेटावर लाव्हाच्या थरांमधल्या गाळात पानांचे सुंदर ठसे आहेत. तिथेच लाव्हाने उभ्याचं उभं वेढलेलं झाड १८१९ साली जॉन मॅककुलॉकने नोंदवलं. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळातही गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, ताडवर्गी झाडांची दगड झालेली खोडं, फळं असं बरंच काही मिळालेलं आहे.

तेव्हा काळ्या भिंतीत एखादा फिकट, मातकट, आडवा पट्टा दिसला तर तिकडे वळा. लाव्हाच्या बुडबुड्यांत भरलेल्या पांढऱ्या खनिजांना मात्र दात किंवा शिंपले समजू नका. अशा ‘दातांचे’ फोटो मला दर महिन्याला येतात.

सोबत फोटो पाठवत आहे. दगड फुटला आणि आत नेच्याचं अख्खं पान निघालं! किती जुनं असेल?

दगड जुना असेल, पान नाही. ते पानच नाही. तुमच्या उत्साहावर पाणी ओतताना वाईट वाटतं, पण ही मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी आहे. डेंड्राइट म्हणतात तिला. खडकाच्या बारीक भेगेत खनिजयुक्त पाणी शिरतं आणि खनिज फांद्या फुटत फुटत पसरत जातं. ओळखायची खूण सांगते. खऱ्या नेच्याला मधला दांडा असतो, त्यापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर पानोळ्या निघतात आणि त्यांच्यावर शिरा असतात. तुमच्या फोटोतल्या ‘पानाला’ दांडा नाही, फांद्या भेगेच्या कडेपासून आत आल्यात आणि मनाला येईल तशा फुटल्यात. शिवाय त्याला जाडी नाही. तिरक्या उजेडात धरा, त्याची सावली पडणार नाही, नुसता काळा रंग दिसेल.

याच पत्रांच्या गठ्ठ्यात दोन ‘डायनोसॉरची अंडी’ही आहेत. दोन्ही गोटे आहेत, गाळात एखाद्या कणाभोवती खनिज साचत साचत तयार झालेले. खऱ्या अंड्याला कवच असतं. फुटलेल्या कडेला बघितलं तर आतल्या दगडापासून वेगळी दिसणारी, मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची पट्टी असते, आणि भिंगातून बारीक छिद्रं किंवा उंचवटे दिसतात. गोलपणा हा पुरावा नव्हे. पृष्ठभागावर बहुकोनी भेगा असलेला, ‘कासवाची पाठ’ म्हणून आलेला तिसरा फोटोही अशाच एका तडकलेल्या गोट्याचा आहे.

फसलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १७२५ साली वुर्झबर्गचे प्राध्यापक बेरिंगर यांना सरडे, बेडूक, कोळ्यांची जाळी आणि चक्क हिब्रू अक्षरं असलेले दगड मिळाले. त्यांनी त्यावर ग्रंथ छापला. दगड त्यांच्याच ओळखीतल्या माणसांनी कोरवून टेकडीवर पेरले होते. तुम्हाला निदान कोणी मुद्दाम फसवलेलं नाही.

मला दगडावर अमोनाइटचा, त्या वेटोळ्या समुद्री शंखाचा, ठसा अगदी स्पष्ट दिसला. घरी येऊन फोटो बघते तर नुसता राखाडी दगड! फोन चांगला आहे. काय चुकलं?

या महिन्यातलं माझं आवडतं पत्र हे. याचं उत्तर लांबणार.

ठसा तुमच्या डोळ्यांना दिसला, कारण तुम्ही हलत होता. डोकं इकडचं तिकडे झालं की उजेड-सावली बदलते आणि दोन डोळ्यांनी खोलीही कळते. फोनला एकच डोळा, आणि तोही एका क्षणापुरता. त्याला खोली दाखवायची तर ती सावलीनेच दाखवावी लागते. तुमच्या फोटोत ऊन दगडावर सरळ उभं पडलंय. साधा हिशोब करा. अमोनाइटची बरगडी समजा अर्धा मिलिमीटर उंच आहे. दगडाशी ६० अंशांचा कोन करून ऊन आलं तर तिची सावली ०.३ मिलिमीटरही भरत नाही. १५ अंशांवरून आलं तर जवळजवळ २ मिलिमीटर. दगड तोच, फोन तोच.

म्हणून लोक सांगतात, सकाळी किंवा संध्याकाळी जा. हे अर्धंच खरं आहे. कोन क्षितिजाशी नव्हे, दगडाच्या पृष्ठभागाशी मोजायचा. आडव्या फरशीसारख्या दगडाला सकाळ-संध्याकाळ चांगली. उभ्या कड्यावरच्या ठशाला मात्र भर दुपार उत्तम, कारण तेव्हा ऊन कड्याला घासत खाली येतं. तोच कडा संध्याकाळी सूर्याच्या समोर असेल तर सपाट दिसतो. आणि ज्या कड्यावर ऊनच येत नाही, तिथे ऊन आपण न्यायचं. मी पिशवीत आरशाचा एक तुकडा ठेवते, कडा घासून बोथट केलेला. उन्हात उभं राहून त्याचा कवडसा बाजूने दगडावर टाकला की बरगड्या उठून दिसतात.

ऊन नको त्या दिशेचं असेल तर ते अडवायचं आणि आपला उजेड आणायचा. काळी छत्री आणि हातातला टॉर्च, बस्स. छत्रीने दगडावर पूर्ण सावली धरा, टॉर्च जवळजवळ दगडाला टेकवून बाजूने मारा. फोन ट्रायपॉडवर किंवा दगडांच्या आधारावर पक्का बसवा आणि टायमर लावा, कारण हात दोनच असतात. टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत प्रत्येक दिशेला एक फोटो घ्या. कोणत्या दिशेला काय दिसेल ते आधी सांगता येत नाही. रेघेला समांतर उजेड आला तर ती रेघ नाहीशी होते, आडवा आला तर उठते. संशोधक हेच काम पद्धतशीर करतात: कॅमेरा स्थिर, दिवा सगळीकडून, आणि मग संगणकावर ते सगळे फोटो एकत्र करून उजेड हवा तसा फिरवून बघायचा. फार तिरका उजेड मात्र नको. मग वाळूचा कण न् कण सावली पाडायला लागतो आणि ठसा त्या खरखरीत हरवतो. पलीकडच्या बाजूला पांढरा कागद उभा धरला की काळ्याठिक्कर सावल्या थोड्या उजळतात.

फोनचा फ्लॅश बंद. तो लेन्सच्या शेजारी असतो, म्हणजे समोरून येतो, म्हणजे होती नव्हती ती सावली खातो. अगदी जवळ जाऊ नका. जवळ गेलं की बरेच फोन गुपचूप रुंद कोनाच्या लेन्सवर उडी मारतात, कडा ताणल्या जातात, आणि फोनचीच सावली दगडावर पडते. दोन हात मागे राहून दुप्पट-तिप्पटीची लेन्स वापरा. बोट दाबून धरून फोकस कायम करा, उजेड किंचित कमी करा. पार्श्वभूमी पुसट करणारा पोर्ट्रेट मोड चुकूनही नको. तो जीवाश्माच्या कडा स्वतःच्या मनाने पुसतो.

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे जवळचं टिपणारी, आणि तिचं छिद्र एफ ८ ते एफ ११ वर. एफ २२ वर सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं, पण तिथे सगळंच थोडं मऊ होतं. फुगीर नमुना एका फोटोत मावत नसेल तर फोकस पुढेपुढे सरकवत फोटोंची मालिका घ्या आणि नंतर जोडा.

कॅमेरा दगडाला समांतर हवा. ते तपासायची एक युक्ती नोकरीत शिकले. दगडावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की कॅमेरा सरळ आहे. आरसा काढा, फोटो घ्या.

माझ्या एका फोटोत शिंपला फुगीर दिसतो, दुसऱ्यात खोलगट. दोन्ही एकाच शिंपल्याचे. डोळे बिघडले की फोटो?

दोन्ही ठीक आहेत. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरूनच चालतो. खालून उजेड आलेला फोटो त्याच्यापुढे ठेवला की तो खड्ड्याला उंचवटा समजतो. म्हणून संग्रहालयांत, शोधनिबंधांत डावीकडून वरून उजेड देण्याचा प्रघात पडलाय. रानात उजेड तसा मिळाला नाही तर फोटो छापताना किंवा पाठवताना फिरवा, म्हणजे सावल्या खाली पडतील. आणि वहीत लिहून ठेवा: उजेड कुठून, नमुना फुगीर की खोलगट. बोटाने चाचपून बघायला दोन सेकंद लागतात. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही. शिंपला विरघळून गेल्यावर बाहेरच्या गाळात उरलेला साचा आणि शिंपल्याच्या आत भरून दगड झालेला गाळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात शिंपल्याची बाहेरची नक्षी मिळते, दुसऱ्यात कधीकधी आतल्या स्नायूंच्या खुणा.

मापासाठी नाणं ठेवलं तर चालतं ना?

काहीच नसण्यापेक्षा चालतं. पण नाणी बदलतात, आणि दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाला तुमचं नाणं केवढं ते ठाऊक नसतं. लेन्सचं झाकण, पेन, हाताचं बोट यांचीही तीच गत. मिलिमीटरच्या खुणा असलेली, न चकाकणारी पट्टी ठेवा. ती जीवाश्माच्या पातळीवर हवी. नमुना चार सेंटिमीटर उंच आणि पट्टी खाली जमिनीवर असेल तर माप खोटं येतं. पट्टी जीवाश्मावर नाही, शेजारी. एक फोटो पट्टीसकट, एक पट्टीविना.

आणि एवढ्यावर थांबू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ फोटोंत जीवाश्म फ्रेमभर असतो आणि जग कुठेच नसतं. आधी लांबून अख्खा कडा, मग माणूस उभा राहून दिसेल तेवढा भाग, मग थर, मग नमुना. प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्यातली एखादी ओळखू येणारी गोष्ट दिसली पाहिजे. नमुना थरात घट्ट बसलेला होता की खाली सुटा पडलेला, हे लिहा. सुटा असेल तर तो वरच्या कोणत्याही थरातून घरंगळला असेल, आणि मग त्याचं वय सांगणं अवघड. वरची बाजू कोणती तेही नोंदवा. जीपीएसची नोंद फोटोत आपोआप होते, पण मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवला की बहुतेक वेळा ती गळून जाते. म्हणून वहीत वेगळी लिहा, आणि मूळ फाइल जपा.

पावलांच्या ठशांचं तर सगळंच फोटोंवर चालतं. टांझानियात लेटोली इथे संशोधक मेरी लीकींच्या चमूला १९७८ साली ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं मिळाली. वारापाऊस आणि झाडांची मुळं यांपासून वाचवण्यासाठी ती पुन्हा मातीखाली झाकून ठेवली आहेत. बहुतेक अभ्यासक ती पावलं फोटो, मोजमापं आणि साचे यांवरूनच अभ्यासतात. तुम्हाला असे ठसे मिळाले तर चहूबाजूंनी, एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढणारे भरपूर फोटो घ्या. त्यांतून संगणकावर त्रिमिती आकार उभा करता येतो. गंमत म्हणजे त्या कामाला तिरकी सावली नको, ढगाळ दिवसाचा सपाट उजेड हवा. वर मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

आमच्या बारा वर्षांच्या लेकाला हातोडी हवी आहे. घेऊन द्यावी का?

आधी भिंग आणि वही द्या. हातोडी मागाहून, आणि दिलीत तर खडकासाठीच बनवलेली, सोबत डोळ्यांना चष्मा. सुतारकामाच्या हातोडीचं पोलाद दगडावर आपटून कपचे उडवतं.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. हातोडीने थरातून सुटलेला जीवाश्म पुन्हा थरात बसत नाही. कोणत्या पातळीवर होता, कुशीवर की पालथा, शेजारी काय होतं, हे सगळं त्या एका टोल्यात जातं. काय उचलायला परवानगी आहे हे प्रत्येक देशात आणि जागेगणिक वेगळं. राखीव जागेत बहुधा काहीच उचलायचं नसतं, कित्येक ठिकाणी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे अवशेष सरकारचे असतात, आणि जमिनीच्या मालकाला तर कुठेही विचारायलाच हवं. फोटोला मात्र सहसा कोणी ना म्हणत नाही.

लेकाला एक गोष्ट सांगा. इंग्लंडात चार्नवुडच्या जंगलात, एका जुन्या खाणीत रॉजर मेसन नावाचा शाळकरी मुलगा १९५७ साली मित्रांबरोबर कडे चढायला गेला होता. कड्यावर त्याला पिसासारखा ठसा दिसला. आदल्याच वर्षी टीना नेगस या शाळकरी मुलीनेही तो बघितला होता, पण तिच्या शिक्षकांनी सांगितलं, इतक्या जुन्या खडकांत जीवाश्म नसतातच. रॉजरने ठशावर कागद धरला, पेन्सिल घासून आकार उतरवून घेतला आणि वडिलांना दाखवला. वडिलांमार्फत तो ट्रेव्हर फोर्ड या भूशास्त्रज्ञापर्यंत पोचला. १९५८ साली फोर्डने त्या जीवाला नाव दिलं, चार्निया मेसोनी. साधारण ५६ कोटी वर्षांपूर्वीचा, शिंपले आणि हाडं यांच्याही आधीच्या काळातला जीव तो. शास्त्रज्ञाकडे आधी कागद गेला. दगड तेव्हा जागेवरच होता.

हाड दिसलं तर विशेष जपा. खोदू नका, ओढू नका. फोटो घ्या आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. विकणाऱ्यांचं लक्ष तिथेही असतं. आणि कड्याच्या पायथ्याशी पोराला बसू देऊ नका. ताजी कापलेली जागा चांगली असं मी वर म्हटलं, पण ती ताजी असते कारण ती अजून कोसळतेय.

दगड ओला केल्यावर रंग छान येतात. पाणी मारून फोटो काढावा का?

नमुन्यावर अवलंबून आहे. काळ्या शेलवर कार्बनची पातळ झिलई होऊन उरलेली पानं, मासे यांना पाण्याने खरंच उठाव येतो. प्रयोगशाळेत तर काही नमुने पाण्यात बुडवून, ध्रुवीकरण करणारा फिल्टर लावून टिपतात. पण मातकट शेल ओला होऊन वाळला की पापुद्रे सुटतात. पितळेसारखे चमकणारे, पायराइटचे जीवाश्म ओलाव्याने हळूहळू कुजतात. त्यातून आम्ल तयार होतं आणि शेवटी पिवळट भुकटी उरते. सच्छिद्र हाडावर पाणी मारू नका. ओल्या दगडाने सावलीही मरते, त्यावर आकाश चकाकतं. म्हणून आधी कोरड्याचा फोटो, मग वाटलंच तर एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. तेल, वॉर्निश, खडूने गिरवलेली बाह्यरेषा, हे काहीही नको. गिरवलेल्या रेषेत जीवाश्म दिसत नाही, गिरवणाऱ्याचं मत दिसतं.

संग्रहालयात आम्ही नमुन्यावर नवसागराची वाफ देऊन पांढरा, पुसता येणारा पातळ थर चढवायचो. रंगांचे डाग झाकले जातात आणि नुसता आकार उरतो. पण ते धुराड्याखालचं काम आहे, रानात करून बघू नका.

कोणता कॅमेरा घेऊ?

आहे तो. पैसे खर्चच करायचे असतील तर बारीक झोत देणारा टॉर्च आणि छोटा ट्रायपॉड घ्या.

मी पाठवलेल्या तीन फोटोंतला जीवाश्म कोणता ते कृपया कळवावे.

पहिल्यात समुद्रलिलीच्या देठाच्या चकत्या आहेत, हे खात्रीने सांगते. मधे भोक, कडेला चक्राच्या आऱ्यांसारख्या रेघा, आणि शेजारी तशाच आणखी चार. नाव लिलीचं असलं तरी तो प्राणी, समुद्र-चांदणीच्या गोतावळ्यातला. दुसरा फोटो हललाय. तिसऱ्यात काहीतरी आहे, डाव्या कोपऱ्यात दोन बरगड्या आणि त्यांना छेदणारी एक वाकडी रेघ दिसते, पण पट्टी नाही आणि ऊन समोरून आहे. ती जागा उघड्यावर असेल तर पुन्हा जा, दगड हलवू नका, टॉर्च उजवीकडून अगदी खाली धरा आणि मूळ फाइल पाठवा. ती वाकडी रेघ नागमोडी निघाली तर अमोनाइट. सरळ निघाली तर मला दुसऱ्या कोणालातरी विचारावं लागेल.